खडकांतील पितळी खुणा

समुद्राला इतिहास असतो काय? किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला समुद्र नित्य तोच वाटतो. भरती-ओहोटीच्या येरझारीत काल आणि आज ह्यांतला भेद पुसून जातो. परंतु ज्यांनी चिकाटीने टिपणे ठेवली, त्यांना समुद्रही आपला इतिहास सांगतो. कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह येथील हॉपकिन्स सागरी संशोधन केंद्राची कथा आम्हांला ह्याच दृष्टीने मोलाची वाटते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हे केंद्र १८९२ साली स्थापन झाले आणि १९१७ साली माँटेरी उपसागराकाठच्या आजच्या जागी आले. त्या जागी पूर्वी चिनी कोळ्यांचे गाव होते. रात्री होड्यांवर पलिते पेटवून ते माकूळ पकडीत. १९०६ च्या मे महिन्यात आगीत गावाचा मोठा भाग जळाला, आणि त्या लोकांना तेथे पुन्हा घरे बांधू दिली गेली नाहीत.

केंद्रात १९१९ पासून किनाऱ्यालगतच्या पाण्याचे तापमान रोज टिपले जाऊ लागले. पुढे १९३१ ते १९३३ ह्या काळात विलिस ह्युवट ह्या संशोधकाने किनाऱ्यापासून पाण्याकडे जाणारी एक सरळ रेषा आखली, खडकांत पितळी बोल्ट ठोकले आणि एकेक चौरस यार्डाच्या चौकटीतील शंख-शिंपले, समुद्रफुले इत्यादी जीव मोजून काढले. काम वरकरणी किरकोळ. परंतु साठ वर्षांनी, १९९३ साली, केंद्रातील दोन विद्यार्थ्यांनी ते बोल्ट शोधून त्याच चौकटी पुन्हा मोजावयास घेतल्या. १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दक्षिणेकडील उष्ण पाण्याच्या नऊ जातींपैकी आठ वाढल्या होत्या. उत्तरेकडील थंड पाण्याच्या आठांपैकी पाच घटल्या होत्या. ह्याच अवधीत किनाऱ्याच्या पाण्याचे सरासरी वार्षिक तापमान सुमारे पाऊण अंश सेल्सिअसने चढले होते.

दोन मोजण्यांवरून एवढा निष्कर्ष काढावा काय, अशी शंका कोणी घेईल, आणि ती गैर नाही. मधल्या साठ वर्षांत त्या चौकटींत काय घडले ते मोजण्या सांगत नाहीत. पण बदलाची दिशा आणि तापमानाची रोजची नोंद एकमेकींशी जुळतात, हेच तिचे उत्तर होय. ती नोंद नसती तर जीवांची घटवाढ हे केवळ कोडे राहिले असते.

आमच्या मनाला मात्र दुसरीच गोष्ट लागून राहते. ह्याच खडकांवर वावरलेल्या त्या चिनी कोळ्यांना उपसागराचे केवढे ज्ञान असेल! त्यासाठी कोणी बोल्ट ठोकले नाहीत. गावाबरोबर तेही उठून गेले. कोकण-गोमंतकाच्या खडपांवर ओहोटीला कालवे काढणाऱ्या हातांनाही आपला किनारा असाच पाठ असतो. ते हात थकण्यापूर्वी कोणी वही घेऊन त्यांच्याजवळ बसेल काय?