त्रिलोक गुर्टू यांचे तालवादन : उसनवारी की द्वैभाषिकता?

दाभोळसारख्या कोकणातील जुन्या बंदराचा इतिहास प्रायः मालाच्या देवघेवीचा म्हणून सांगितला जातो. बहामनी काळात येथून होर्मुझशी व्यापार चाले. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज सेनानी अल्मेइदा याने हे शहर जाळले. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर मालाबरोबर शब्दही उतरले. चावी, पगार, बटाटा हे शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतले. तथापि ‘पगारातून’, ‘चावीने’ असे म्हणताना लागणारे प्रत्यय मराठीच राहिले. शब्द परका, व्याकरण स्वकीय, हा उसनवारीचा सामान्य नियम होय. संगीतातील देवघेवीस हा नियम कितपत लागू पडतो, हे पाहण्यास तालवादक त्रिलोक गुर्टू यांचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

जॅझ हे अमेरिकी संगीतही मुंबईत समुद्रमार्गेच आले. १९३५ मध्ये लिऑन अॅबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पुढे गोमंतकीय वादकांनी ही शैली आत्मसात करून चित्रपटसंगीतात नेली. या मुंबईत १९५१ साली गुर्टू यांचा जन्म झाला. त्यांच्या मातुःश्री शोभा गुर्टू (१९२५–२००४) या ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका. त्या मूळच्या बेळगावच्या. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर या नर्तकी असून त्यांनी अल्लादियाखाँ यांची तालीम घेतली होती. त्रिलोक यांनी तबल्याचे शिक्षण शाह अब्दुल करीम यांच्याकडे घेतले.

१९८४ च्या नोव्हेंबरात ‘ओरेगॉन’ या अमेरिकी वाद्यवृंदातील कॉलिन वॉलकॉट यांचे अपघाती निधन झाले. वॉलकॉट हे अल्लारखाँ यांच्याकडे तबला व रविशंकर यांच्याकडे सतार शिकलेले अमेरिकी वादक. त्यांच्या जागी गुर्टू आले. तबला शिकलेल्या अमेरिकनाचे स्थान अमेरिकी ड्रमसंच आत्मसात केलेल्या मुंबईकराने घ्यावे, ही घटना देवघेव एकमार्गी नव्हती याचा स्पष्ट पुरावा आहे. १९८८ पासून ते जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीतही वाजवू लागले.

ड्रमसंच हे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रूढ झालेले वाद्य. पायाने वाजणारा ढोल, हाताखालचे ढोल आणि झांजा यांची ती जुळणी होय. गुर्टू उंच बैठकीवर न बसता जमिनीलगत, अर्धवट गुडघ्यांवर बसून तो वाजवतात. शेजारी तबला असतो, आणि पाण्याच्या बादलीत झांज बुडवून तिचा स्वर लववण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. वादनाच्या ओघात ते बोल मुखाने म्हणतात व तेच आघात संचावर उमटवतात. तिहाईत एकच वाक्यांश तीनदा येऊन समेवर विसावतो. येथे तो चामड्यावरून धातूवर जातो, परंतु त्याची रचना बदलत नाही.

एवढ्यावरून हीही उसनवारीच, शब्द अमेरिकी व व्याकरण भारतीय, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अपुरा आहे. जॅझमधील मात्रेचे असमान विभाजन, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवरील भर, सहवादकाच्या वाक्याला तत्क्षणी दिलेले उत्तर, ही त्या संगीताची व्याकरणिक अंगे होत. गुर्टू यांच्या वादनात तीही वावरतात. म्हणून येथे उसनवारीपेक्षा द्वैभाषिकता हा शब्द अधिक यथार्थ ठरतो. द्वैभाषिक मनुष्य दोन्ही व्याकरणे बाळगतो व प्रसंगानुसार एकातून दुसऱ्यात जातो.

हा भेद केवळ परिभाषेचा नाही. ‘मिश्रसंगीत’ या एका शब्दाखाली अशा वादकांची नोंद करणारा इतिहास वाद्यवृंदांची नावे सांगतो आणि पहिली भाषा कोठे शिकली गेली हे विसरतो. द्वैभाषिकाच्या अभ्यासात मात्र घरची भाषा प्रथम विचारावी लागते. १९८८ च्या ‘उस्फ्रेत’ या गुर्टू यांच्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेत डॉन चेरी व राल्फ टाउनर यांच्यासमवेत शोभाताईंचा आवाज आहे. बेळगावच्या गायिका-नर्तकींची परंपरा बहुधा स्थानिक इतिहासाच्या तळटीपेत पडून राहते. ती जॅझच्या इतिहासातही नोंदवावी लागेल, याला ही ध्वनिमुद्रिका पुरेसा आधार आहे.