तंतुमयता, मुखातील अधःश्लेष्म

शरीरातील निरनिराळ्या ऊतकांना (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या म्हणजेच पेशींच्या समूहांना) एकमेकांशी जोडणाऱ्या व आधार देणाऱ्या ऊतकाला संयोजी ऊतक म्हणतात. कोशिका, तंतू व आधारद्रव्य हे त्याचे मुख्य घटक होत. तंतूंपैकी कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू बळकटी देतात, तर प्रत्यास्थ तंतू ताण सुटताच पूर्ववत होतात. गालाच्या आतील श्लेष्मकलेखालचे (बुळबुळीत अस्तराखालचे) संयोजी ऊतक लवचिक असल्यामुळेच तोंड पूर्ण उघडता येते. तेथे कोलॅजेन प्रमाणाबाहेर साठल्यास अस्तर पांढुरके व ताठर बनते, तिखट सोसवत नाही आणि पुढे तोंड उघडणे कठीण होते. या विकाराला मुखातील अधःश्लेष्म तंतुमयता म्हणतात. त्याच्या अभ्यासात मुंबईतील संशोधकांचा मोठा वाटा आहे.

श्वार्ट्‌झ यांनी १९५२ मध्ये केन्यातील पाच भारतीय स्त्रियांत या विकाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी मुंबईचे एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानींतील अशाच बदलांना ‘अधःश्लेष्म तंतुमयता’ या अर्थाचे नाव दिले, तेच रूढ झाले. १९५६ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयातील जे. सी. पेमास्टर यांनी या विकाराचा मुखाच्या कर्करोगाशी असलेला संबंध निदर्शनास आणला.

आरंभी संशोधकांचा रोख मिरचीवर होता. विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) व सत्यवती सिरसाट यांनी पोषणन्यून आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतील कॅप्सायसीन लावून प्रयोग केले व ते १९६० मध्ये प्रसिद्ध केले. परंतु मिरची भरपूर खाणाऱ्या मेक्सिकोसारख्या देशांत हा विकार आढळत नाही. सुपारी चघळणाऱ्यांत मात्र तो आढळतो. तिखट झोंबणे हे या विकाराचे कारण नसून लक्षण आहे, असे कालांतराने स्पष्ट झाले.

यासाठी रुग्णालयाबाहेरील पाहणी आवश्यक होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता यांनी डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने १९६० नंतरच्या दशकात भारताच्या ग्रामीण भागांत मुखतपासणी सुरू केली. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यातील ६६ रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले असता ७·६ टक्के रुग्णांत कर्करोग उद्‌भवला, असे १९८५ मध्ये नमूद झाले. भावनगर जिल्ह्यातील १९९० च्या अभ्यासाने सुपारीचा कारणसंबंध अधिक दृढ केला.

याची कार्यपद्धतीही प्रयोगशाळेत उलगडत गेली. सुपारीतील ॲरेकोलीन या अल्कलॉइडामुळे तंतुजनक कोशिकांची कोलॅजेननिर्मिती वाढते, तर टॅनिनामुळे तयार झालेल्या कोलॅजेनाचे विघटन मंदावते. सुपारीत तांब्याचे प्रमाण अधिक असते व कोलॅजेन तंतूंची परस्परबंधने घडविणाऱ्या एंझाइमाला तांबे लागते. अशा रीतीने निर्मिती वाढते व झीज घटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात सुपारीला मानवातील कर्करोगजनक ठरविले.

पुडीतील गुटखा व पानमसाला यांच्या प्रसारानंतर हा विकार तरुणांतही वाढला. महाराष्ट्र शासनाने २००२ मध्ये घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केली. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली ती २०१२ मध्ये पुन्हा घालण्यात आली.

ताठर झालेले ऊतक मूळ स्थितीत आणणारा खात्रीचा उपचार नाही. तोंड उघडण्याचे व्यायाम, औषधांची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) व तंतुपट्टे छेदण्याची शस्त्रक्रिया यांनी काही प्रमाणात आराम पडतो. विकार झालेल्यांची मुखतपासणी आयुष्यभर नियमितपणे व्हावी लागते. सुपारी मंगलकार्यात मानाची असली आणि तंबाखूवाचून खाल्ली, तरी ती निरुपद्रवी ठरत नाही. ती वेळीच सोडणे हाच प्रतिबंधाचा मुख्य उपाय होय.