केल्टांचें पंचांग आणि केल्टांचे सण

फ्रान्स देशांतील कोलिन्यी गांवाजवळ इ. स. १८९७ मध्यें ब्राँझच्या पत्र्याचे अनेक तुकडे सांपडले. ते जुळवून पाहतां त्यांवर रोमन लिपींत, परंतु प्राचीन गॉल लोकांच्या केल्टिक भाषेंत, पांच वर्षांचें पंचांग कोरलेलें आढळलें. तें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचें मानतात. महिने चांद्र, कांहीं ३० दिवसांचे, कांहीं २९ दिवसांचे; प्रत्येकाचे दोन भाग; आणि दर दिवसापाशीं खुंटी खोंवण्याकरितां एक भोंक. पांच वर्षांत अधिक मास दोन, म्हणजे एकूण मास ६२. आमच्या वेदांगज्योतिषांतील पांच वर्षांच्या युगांतही मास ६२ च येतात! तेवढ्यावरून दोहोंचें मूळ एकच मानण्याचें धैर्य मात्र आम्हांस होत नाहीं. सूर्यचंद्र सर्वांचे तेच. हा मेळ ज्यानें त्यानें स्वतंत्रपणें बसविला असेल.

आतां नवल असें कीं, ज्या चार सणांमुळें केल्टांचें वर्ष आज प्रसिद्ध आहे, त्यांचीं नांवें ह्या पत्र्यावर स्पष्टपणें कोठेंच नाहींत. सॅवन (१ नोव्हेंबर), इम्बोल्क (१ फेब्रुवारी), बेल्टेन (१ मे) व लूनसा (१ ऑगस्ट) यांची माहिती मिळते ती आयर्लंडांतील ग्रंथांवरून. आणि ते लिहिले ख्रिस्ती साधूंनीं, कित्येक शतकांनंतर.

ह्या सणांत ज्योतिषी दृष्टीआड होतो व गुराखी पुढें येतो. अयन किंवा संपात यांच्याशीं त्यांचा मेळ नाहीं. बेल्टेनला गुरें उन्हाळी कुरणांकडे निघत. इ. स. ९०८ मध्यें रणांत पडलेला कॅशेलचा राजा व धर्माधिकारी कॉर्मॅक याच्या नांवावर एक शब्दकोश आहे. त्यांत म्हटलें आहे कीं, त्या दिवशीं ड्रूइड मंत्र म्हणून दोन अग्नि पेटवीत आणि वर्षभर रोगराई येऊं नये म्हणून गुरें त्यांमधून हांकीत. सॅवनला तींच गुरें परत येत. त्या रात्रीं टेकड्यांतील अद्‌भुत लोकांचीं दारें उघडतात, असें कथा सांगतात. लूनसा सुगीच्या आरंभींचा; त्या वेळीं टेल्टाउन येथें मोठी जत्रा भरे.

सॅवन हा केल्टांचा वर्षारंभ, हें मत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन र्‍हिस या पंडितानें पुढें मांडिलें. त्याचा एक मुख्य आधार म्हणजे मॅन बेटांतील त्याच्या काळची लोकरूढि. पत्र्यावरील ‘समोनिओस’ महिना आणि सॅवन यांचें नामसादृश्य त्यास पोषक म्हणून दाखवितात. पण ‘सम’ म्हणजे उन्हाळा. तेव्हां तो महिना उन्हाळ्याचा कीं उन्हाळा सरल्यानंतरचा, याविषयीं विद्वानांत अद्याप वाद आहे. गॉलचा पत्रा व आयर्लंडची कथा हे दोन निराळे साक्षीदार होत. एकाची जबानी दुसऱ्याच्या तोंडीं घालणें आम्हांस पसंत नाहीं.

इम्बोल्कचा संबंध मेंढ्यांना दूध येण्याशीं जोडतात. तो दिवस पुढें संत ब्रिजिडचा झाला, आणि २०२३ पासून तिच्या नांवें फेब्रुवारीच्या आरंभीं आयर्लंडांत सार्वजनिक सुट्टी असते.