‘सुधारक’ : एका शिवीची कुळकथा

माणसांप्रमाणे शब्दांनाही कुळकथा असते. इंग्लंडातील ‘टोरी’ हा शब्द मूळचा आयरिश, अर्थ लुटारू. सतराव्या शतकात विरोधकांनी तो एका पक्षास चिकटविला आणि पुढे त्या पक्षाने तोच भूषण म्हणून मिरविला. युक्रेनी भाषेतील ‘स्विदोमी’ या शब्दाची गत नेमकी उलट. त्याचा अर्थ जागृत, स्वराष्ट्राची जाण असलेला. रशियन बोलणाऱ्या प्रतिपक्षाने तो तसाच उचलला आणि हेटाळणीसाठी वापरला. शब्द तोच राहिला. सूर तेवढा बदलला.

आपल्याकडे हा भोग ‘सुधारक’ या शब्दाच्या वाट्यास आला. रोग्याची प्रकृती सुधारली तर आपण देवापुढे साखर ठेवतो. पण माणसाने समाज सुधारू म्हटले की कपाळास आठी पडते. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ साली स्वतःचे पत्र काढले व त्यास ‘सुधारक’ हेच नाव दिले. पुण्यात त्या काळी हे नाव घेणे म्हणजे निंदेचे धनी होणे. १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ केले, तेवढ्यावरून केवढे रण माजले! आगरकरांची तर सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १७ जून १८९५ रोजी ते वारले. त्याच वर्षाअखेर पुण्यास काँग्रेस भरली, तेव्हा सामाजिक परिषदेस तिच्या मंडपात जागा मिळू शकली नाही. रानडे प्रभृतींना ती अन्यत्र भरवावी लागली.

शिवी इतकी सोयीची का ठरते? विधवेचे केशवपन का व्हावे, या प्रश्नास उत्तर द्यावे लागते. ‘तो काय, सुधारकच!’ एवढे म्हटले की उत्तराची जबाबदारी संपते. प्रश्न विचारणारा बदनाम होतो आणि ती विधवा होती तिथेच राहते.

मुलींच्या विवाहाचे किमान वय कायद्याने १९२९ साली १४ आणि १९७८ साली १८ झाले. काल ज्यास धर्मबुडवेपणा म्हटले, तो आज कायदा आहे. तरीही पुण्याच्या वाड्यात काय किंवा जेऊरच्या ओसरीवर काय, शिकलेल्या सुनेस ‘फार सुधारलीस हो!’ असे अजून ऐकावे लागते. तिने काय विचारले होते, हे मात्र कोणी सांगत नाही. आपण तेवढे विचारावे, इतकीच माझी विनंती.