शेवट ठाऊक असतांही

कथा ऐकावयाची ती पुढें काय झालें हें कळावें म्हणून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुरती खरी असती, तर अभिमन्यूच्या वधाचें आख्यान एकदां ऐकलेला श्रोता पुन्हा त्या कीर्तनास बसला नसता. परंतु तो बसतो. आणि चक्रव्यूहांतून बाहेर पडण्याची विद्या त्या बालवीरापाशीं नाहीं हें पक्कें ठाऊक असूनही प्रत्येक वेळीं त्याचा जीव खालींवर होतो. याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, एक कथा सांगून संपल्यावर लेखक कधीं कधीं तिच्याही मागें जातो, आणि जें घडून गेलें त्याची पूर्वकथा सांगूं लागतो. अशी पूर्वकथा शोकपर्यवसायी असली म्हणजे प्रेक्षकांत हटकून मतभेद होतो. तो मतभेद कशाविषयीं असतो व त्याच्या मुळाशीं काय आहे, याचा आपल्या रंगभूमीच्या आणि पेशवाईच्या इतिहासाच्या आधारें येथें थोडा विचार करावयाचा आहे.

निमित्त आजचेंच घेऊं. पुण्याच्या पूर्वेस, नगर रस्त्याला, मुळा-मुठेच्या कांठीं असलेलें खराडी हें एके काळीं शेतीभातीचें खेडें. आज तेथें माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या व उंच इमारती उभ्या आहेत. अशा वसाहतींतील सुशिक्षित घरांत ॲनिमे या नांवानें ओळखलीं जाणारीं जपानी चित्रें आतां परकीं राहिलेलीं नाहींत. त्यांपैकीं ‘रुरौनी केन्शिन’ ही सामुराईची कथा नोबुहिरो वात्सुकी यांनीं १९९४ ते १९९९ या काळांत चित्रकथेच्या रूपानें लिहिली. मूळ कथेचा काळ मेइजी राजवटीचा, सन १८७८ चा. नायक केन्शिन हा हंसतमुख भटक्या. तलवार बाळगतो, पण तिची धार उलट्या बाजूस, कारण कोणाचाही प्राण घ्यावयाचा नाहीं असें त्याचें व्रत आहे. त्याच्या गालावर फुलीसारखा एक व्रण आहे. तो कसा आला हें सांगणारी चार भागांची पूर्वकथा काझुहिरो फुरुहाशी यांच्या दिग्दर्शनाखालीं १९९९ सालीं निघाली.

ही पूर्वकथा शोगुनशाहीच्या अखेरच्या दिवसांतील क्योतो शहरांत घडते. मिसरूडही न फुटलेला केन्शिन तेथें क्रांतिपक्षाच्या आज्ञेनें रात्रीं माणसें मारीत असतो. त्याच्या तलवारीस बळी पडलेल्या एका तरुणाची वाग्दत्त वधू तोमोए सूडाच्या हेतूनें त्याच्या निकट येते. सहवासानें सूडाचें प्रेम होतें. आणि शेवटीं बर्फांत चाललेल्या झुंजींत, त्याला वांचविण्यासाठीं मध्यें पडून, ती त्याच्याच तलवारीनें मरते. गालावरची एक रेघ त्या मारल्या गेलेल्या तरुणाची, दुसरी तोमोएची.

या चित्राविषयीं प्रेक्षकांत तीन वाद चालतात. कित्येक म्हणतात, मूळ मालिकेंतला विनोद येथें औषधालाही नाहीं. ज्या हंसऱ्या केन्शिनवर आमचा जीव जडला त्याला असा रक्तानें माखलेला दाखविण्याचें प्रयोजन काय? दुसरे म्हणतात, हें रक्त पाहिल्यावांचून त्याच्या व्रताचें मोल कळतच नाहीं, म्हणून मूळ कथेहून पूर्वकथाच श्रेष्ठ. तिसरा वाद क्रमाचा: आधीं काय पाहावें, जें आधीं घडलें तें, कीं जें आधीं लिहिलें गेलें तें?

मराठी प्रेक्षकाला यांतील एकही वाद नवा नाहीं. शोकान्त नाटक असावें कीं नसावें हा प्रश्न आपल्या रंगभूमीच्या बाल्यावस्थेंतच उभा राहिला. रंगभूमीवर मृत्यु दाखवूं नये हा संस्कृत नाट्यशास्त्राचा संकेत. या संकेतास अपवाद असलेलें भासाचें ‘ऊरुभंग’ गणपतिशास्त्री यांनीं त्रिवेंद्रमहून प्रसिद्धीस आणलें, परंतु तें विसाव्या शतकांत. त्यापूर्वींच, १८६१ सालीं, विनायक जनार्दन कीर्तने या अवघ्या एकवीस वर्षांच्या तरुणानें ‘थोरले माधवराव पेशवे’ हें नाटक लिहून तो संकेत मोडला होता. माधवराव गादीवर आले तें वर्ष १७६१. म्हणजे बरोबर शंभर वर्षांनीं त्यांचें हें नाट्यमय श्राद्ध झालें. खराडीच्या कडेनें वाहणारें पाणी कांहीं कोस खालीं गेल्यावर थेऊरास पोंचतें. तेथें चिंतामणीच्या सान्निध्यांत १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं क्षयानें माधवरावांचा अंत झाला, आणि रमाबाई नदीकांठीं सती गेल्या. माधवरावांचें वय त्या वेळीं सत्तावीस. पुढें १८८३ सालीं आगरकरांनीं ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ केलें, १८९० सालीं देवलांचा ‘झुंझारराव’ आला. आणि डोळ्यांत पाणी घेऊन घरीं जाण्याची संवय मराठी प्रेक्षकास लागली.

या तयार झालेल्या भूमींत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर उतरले. १८९३ च्या सुमारास त्यांनीं ‘सवाई माधवरावांचा मृत्यु’ हें नाटक लिहिलें. त्यावर ‘हॅम्लेट’ची छाया आहे हें टीकाकारांनीं पूर्वींच दाखविलें आहे. विषय १७९५ सालचा: खर्ड्याचा विजय मिळून कांहीं महिनेच झालेले, राज्य वैभवाच्या शिखरावर, कारभार नाना फडणिसांच्या हातीं, आणि एकवीस वर्षांचा पेशवा आपल्याच वाड्यांत उदास. २५ ऑक्टोबर रोजीं तो शनिवारवाड्यांतील महालावरून खालीं कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांनीं वारला. ती उडी होती कीं ज्वराच्या भ्रमांत गेलेला तोल, हा वाद इतिहासकारांत पुष्कळ झाला आहे.

यानंतर सोळा वर्षांनीं, १९०९ सालीं, खाडिलकरांनीं ‘भाऊबंदकी’ लिहिलें. परंतु काळाच्या क्रमानें ते पुढें न जाता मागें गेले. विषय घेतला तो सवाई माधवरावांच्या जन्मापूर्वींचा, त्यांच्या पित्याच्या खुनाचा. मुलाचा मृत्यु आधीं, बापाचा मागाहून. वाडा मात्र तोच.

ही पूर्वकथा प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे, तरी तिच्यांतील कारणांची सांखळी पुन्हा एकदां डोळ्यांखालून घातली पाहिजे. रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब हे अटकेपर्यंत गेलेले सेनानी. परंतु पुतण्या माधवराव याच्याशीं त्यांचें पटलें नाहीं. १७६८ सालीं धोडपच्या लढाईंत ते पराभूत झाले आणि शनिवारवाड्यांत नजरकैदेंत पडले. माधवरावांनीं मरणापूर्वीं चुलत्याशीं समेट केला व धाकटा भाऊ नारायणराव त्यांच्या पदरीं घातला. समेट टिकला नाहीं. सहा महिन्यांच्या आंत नारायणरावानें चुलत्यास पुन्हा कैदेंत टाकलें. पेशवा अठरा वर्षांचा, उतावळा. चुलता मानी व दुखावलेला. आणि वाड्याच्या पहाऱ्यावर पगार थकलेले गारदी. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, ऐन गणेशोत्सवांत, सुमेरसिंगादि गारदी थकल्या पगाराचा दंगा करीत आंत शिरले. नारायणराव धांवत जाऊन चुलत्याच्या गळ्यास मिठी मारून बसला. तेथेंच त्याचे तुकडे झाले. रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी केली, दादासाहेबांस दोषी ठरविलें, देहान्त प्रायश्चित्त सांगितलें आणि पुणें सोडलें. 

आतां पहिला वाद घेऊं: इतका शोक कशाला? १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनीं ‘सविकल्प समाधी’ची जी कल्पना मांडली ती येथें उपयोगी पडते. प्रेक्षक परक्याच्या भूमिकेंत शिरतो, पण आपली भूमिका पुरती सोडीत नाहीं. या दुहेरी अवस्थेंत आनंद आहे, असा तिचा आशय. आमच्या मतें पूर्वकथेंत ही दुहेरी अवस्था अधिकच तीव्र होते. नारायणराव चुलत्याकडे धांवतो तेव्हां त्याला वांचण्याची आशा असते. आपण त्या आशेंत सामील होतों, आणि त्याच क्षणीं ती फोल आहे हें जाणत असतों. पात्राचें अज्ञान व प्रेक्षकाचें ज्ञान यांमधील अंतर जितकें मोठें, तितकी करुणा खोल. ज्याला शेवट ठाऊक नाहीं त्याला फक्त धक्का बसतो.

क्रमाचा वादही यावरूनच सुटतो. ‘सवाई माधवरावांचा मृत्यु’ एकटें वाचणाऱ्यास वाटतें कीं, नानांसारख्या शहाण्या पुरुषानें या मुलाला इतक्या पहाऱ्यांत कां वाढविलें? ‘भाऊबंदकी’ त्याचें उत्तर देतें. ज्यानें एक पेशवा आपल्याच वाड्यांत, आपल्याच पहारेकऱ्यांच्या हातून, आपल्याच चुलत्याच्या पायाशीं मेलेला ऐकला, तो दुसऱ्यास मोकळा कसा सोडणार? पित्याच्या मृत्यूनंतर, १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर जन्मलेल्या, आणि चाळीस दिवसांचा असतांना पेशवेपदाचीं वस्त्रें मिळालेल्या त्या बालकाभोंवतीं नानांनीं जें कडें उभारलें, तें ३० ऑगस्टच्या भीतीनें उभारलें होतें. त्यानें मुलाचा प्राण राखला आणि मन कोंडलें. ही जाणीव व्हावयास आधीं मुलाची उदासी पाहिलेली असली पाहिजे. म्हणून आमचें मत असें कीं, जें आधीं लिहिलें गेलें तेंच आधीं पाहावें. पूर्वकथा दुसऱ्यानें पाहण्यासाठींच असते. केन्शिनचा व्रण आधीं दिसावा, मग त्याचें कारण कळावें.

परंतु सर्वांत महत्त्वाचा वाद याहून निराळा आहे, आणि तो बहुधा उघड बोलला जात नाहीं. पूर्वकथा पाहणारा प्रेक्षक नकळत अपराधी शोधीत असतो. अपराधी एकच सांपडला, तर तो निश्चिंत होऊन घरीं जातो. नारायणरावाच्या खुनांत हा अपराधी लोकांनीं केव्हांच ठरवून टाकला: आनंदीबाईनें चिठ्ठींतील ‘ध’ चा ‘मा’ केला, ‘धरावें’ चें ‘मारावें’ झालें, आणि मराठी राज्य बुडालें. एका अक्षरांत एवढा अनर्थ! ही कथा इतकी सोयीची आहे कीं ती भाषेंत म्हण होऊन बसली, परंतु इतिहासाच्या कसोटीस लावल्यास ती दंतकथेच्या वर्गांतच राहते. ‘भाऊबंदकी’च्या पुढील प्रयोगांत दुर्गाबाई खोटे यांनीं आनंदीबाईची व नानासाहेब फाटकांनीं राघोबाची भूमिका गाजविली; १९४४ सालच्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’ बोलपटांत ललिता पवार आनंदीबाई झाल्या. या समर्थ नटींनीं रंगविलेल्या आनंदीबाईकडे पाहून सुस्कारा टाकीत ‘हिनेंच घात केला’ म्हणणारे प्रेक्षक पुष्कळ निघाले असतील. त्यांनीं नाटकाच्या नांवाकडे मात्र दुर्लक्ष केलें. खाडिलकरांनीं नाटकास ‘आनंदीबाई’ हें नांव दिलें नाहीं. ‘भाऊबंदकी’ एकट्याची होत नाहीं. तिला किमान दोन लागतात, आणि बघे असंख्य लागतात. सुरतेस राष्ट्रीय सभा दुभंगून दोन वर्षें झालेलीं असतां या नांवाचा अर्थ तेव्हांच्या प्रेक्षकास समजावून सांगावा लागला नसेल.

सांखळीचे दुवे पाहतां हेंच दिसतें. कैदेंत टाकणारा पुतण्या, पगार थकविणारा कारभार, कट कानांवर येऊनही स्वस्थ राहिलेले लोक, आणि राज्य मिळावें म्हणून १७७५ सालीं सुरतेस इंग्रजांशीं तह करून साष्टी व वसई देऊं करणारा चुलता. यांपैकीं एकही दुवा एका अक्षरानें जोडलेला नाहीं. सात वर्षांची लढाई १७८२ सालीं सालबाईच्या तहानें थांबली, पण इंग्रजास दार दिसलें तें दिसलेंच. आणि नियतीचा निष्ठुरपणा असा कीं, सवाई माधवराव निपुत्रिक वारल्यावर गादी अखेर दादासाहेबांचा पुत्र दुसरा बाजीराव याच्याकडेच गेली. त्यानें १८०२ सालीं वसईचा तह केला व १८१८ सालीं राज्य संपलें. ज्या गादीसाठीं १७७३ सालीं रक्त सांडलें, ती मिळाली तेव्हां तिच्यांत राखण्यासारखें थोडेंच उरलें होतें.

रामशास्त्र्यांची भूमिका या कथेंत एवढी मोठी कां वाटते, याचें कारणही येथेंच आहे. त्यांनीं शोक केला नाहीं, शापही दिला नाहीं, चौकशी केली. दोष कोणाचा, किती, आणि त्याचें प्रायश्चित्त काय, हें त्यांनीं सत्ताधीशाच्या तोंडावर सांगितलें. आणि निर्णय अमलांत येत नाहीं असें पाहून अधिकार सोडला. शोकान्त पूर्वकथा पाहणाऱ्या प्रेक्षकाचें कर्तव्य याच जातीचें आहे. जपानी कथेंतही तोमोएला कोणी मारलें या प्रश्नास तलवार धरणाऱ्याचें एकच नांव पुरत नाहीं. त्याला ती तलवार देणारे, तिला सूडासाठीं वापरणारे आणि नव्या युगाच्या नांवाखालीं खून पवित्र मानणारे, हे सर्व त्यांत आहेत. शोगुनशाही १८६८ सालीं संपली, आपली पेशवाई त्यापूर्वीं बरोबर पन्नास वर्षें. अस्तास जाणाऱ्या सत्तेच्या कथा दोनही देशांनीं पुनःपुन्हा सांगितल्या त्या केवळ रडण्यासाठीं खास नव्हेत.

म्हणून घरांतील तरुणांनीं अशीं चित्रें पाहिलीं आणि वडिलांनीं जुनीं नाटकें आठवलीं, तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. दोघांनीं एक प्रश्न मात्र परस्परांस विचारावा: पाहून झाल्यावर दोष तुम्ही कोणाच्या माथीं मारला? उत्तर एकाच नांवांत आलें, तर कथा अजून पाहावयाची राहिली आहे असें समजावें.