लग्नघटिका आणि मावळतीचा प्रकाश

आपल्या लग्नपत्रिकांत मुहूर्ताची वेळ मोठ्या काटेकोरपणे छापलेली असते. 'दुपारी १२ वाजून ३७ मिनिटे' किंवा 'सायंकाळी ६ वाजून ५२ मिनिटे' हे आकडे वाचताना आगगाडीच्या वेळापत्रकाची आठवण व्हावी. सुरतेतील आपल्या गुजराती शेजाऱ्यांच्या कंकोतरीतही हस्तमेळापाची वेळ अशीच नोंदलेली असते. अलीकडे मात्र या वेळेच्या निवडीत एक नवा सल्लागार आला आहे. पुरोहिताकडे जाण्यापूर्वी मुलेमुली छायाचित्रकाराला विचारतात, आणि त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते : सूर्य मावळतानाची वेळ धरा, तेव्हाचा उजेड सर्वांत गोड. घरातील वडीलधाऱ्यांना हा नवा थाट रुचत नाही. प्रकाश पाहून मुहूर्त धरणे म्हणजे शास्त्राला मुरड घालणे, असे त्यांना वाटते. इतिहास पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही.

मुहूर्त हा मुळात सूर्यावरूनच मोजला जाई. घरोघरी घड्याळे येण्यापूर्वी लग्नाच्या दिवशी सूर्योदयापासून पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडत. तळाला बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अशा साठ घटिकांचा एक अहोरात्र. 'लग्नघटिका', 'घटका भरली' हे शब्दप्रयोग आपण आजही सहज करतो, पण त्यांच्यामागची ती वाटी आता संग्रहालयातच पाहावी लागते.

या घटिकांपैकी एक गोरज. गाई रानातून परतताना त्यांच्या खुरांनी उडणारी धूळ, ती वेळ. शुद्ध लग्न मिळत नसेल तेव्हा गोरज घ्यावा, अशी त्याची योजना; तो एका अर्थी अडचणीतला मुहूर्त होता. पण त्याची व्याख्या पाहण्यासारखी आहे. राम दैवज्ञाने काशी येथे शके १५२२ मध्ये, म्हणजे इ. स. १६०० च्या सुमारास, 'मुहूर्तचिंतामणि' हा ग्रंथ रचला. त्यात गोरज ऋतूनुसार तीन प्रकारे सांगितला आहे : हिवाळ्यात सूर्य तेज हरपून नुसत्या गोळ्यासारखा दिसू लागतो तेव्हा, उन्हाळ्यात त्याचे बिंब अर्धे मावळल्यावर, आणि पावसाळ्यात ते पूर्ण मावळल्यावर. या व्याख्येत घटिकांचा हिशेब नाही. डोळ्यांनी प्रकाश पाहून वेळ ठरवायची आहे. आजचा छायाचित्रकार तरी याहून निराळे काय करतो? मावळतीच्या किरणांना हवेतून लांबचा प्रवास करावा लागतो. त्यात निळा अंश विखुरतो, तांबूस उरतो. धूळ असली की ऊन आणखी मऊ होते. गाईंची धूळ ही त्या काळची सुंदर सोय होती, असे म्हणावयास हरकत नाही.

छायाचित्रकला आपल्याकडे आली ती मात्र लग्नमंडपापासून दूरच राहिली. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार. परंतु तेव्हाची काच रसायनाने ओली असतानाच वापरावी लागे, आणि माणसाला काही सेकंद पुतळ्यासारखे बसावे लागे. अंतरपाट दूर होण्याचा क्षण त्या काचेला कसा सापडणार? पुढे कोरड्या काचा आल्या, तरी नवे जोडपे लग्नानंतर सवडीने स्टुडिओत जाई. तेथे उत्तरेकडून काचेतून येणारा संथ उजेड असे. ती खुर्ची, तिच्यामागे उभी वधू, रंगविलेला पडदा : जुन्या घरांतील एकुलती एक तसबीर बहुधा अशीच आहे, आणि तिच्यात लग्न नाही, लग्न झालेली माणसे आहेत. १८८७ मध्ये मॅग्नेशियमच्या पुडीचा झगमगाट निघाला. कापड आणि आंब्याच्या डहाळ्यांच्या मांडवात तो ठिणग्यांचा खेळ किती घरांना परवडला असेल, याची कल्पनाच करावी.

कॅमेरा मांडवात आला तो रोल स्वस्त झाल्यावर. आमच्या पिढीला बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक ३ चांगलाच आठवत असेल. एका रोलमध्ये बारा छायाचित्रे. काका ती जपून काढीत. उजेडाची त्यांची सारी विद्या 'सूर्य पाठीशी ठेवा' एवढीच. आपल्यात दुपारच्या मुहूर्ताची चाल मोठी, आणि सुरतेच्या दुपारी सूर्य पाठीशी नसतो, डोक्यावर असतो. आपले शहर साधारण २१.२ अक्षांशावर आहे, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस, ऐन लग्नसराईत, मध्यान्हीचा सूर्य नेमका माथ्यावर येतो व सावली पायाखाली लपते. त्यावेळी मुंडावळ्यांच्या मोत्यांची सावली गालांवर पडते आणि डोळ्यांच्या जागी काळे डाग उरतात. अभिजित मुहूर्त शास्त्राने कितीही श्रेष्ठ असो, छायाचित्रासाठी तो दिवसातला सर्वांत निष्ठुर काळ होय. पुढे फ्लॅश आला, १९८० नंतर व्हिडिओचे हॅलोजन दिवे आले, आणि सूर्याची गरजच संपल्यासारखे झाले. त्या दिव्यांखाली घामाने निथळणारे नवरदेव अनेकांनी पाहिले आहेत.

ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात सुरतेतील किती घरांच्या तळमजल्यावरील ट्रंका बुडाल्या, हे वाचकांना सांगावयास नको. पाण्याने एकमेकांना चिकटलेली पाने सोडविताना छायाचित्रातील चेहरेच सुटून आले. बारा छायाचित्रांच्या लग्नातले दोन-तीन तुकडे ज्यांच्याकडे उरले, त्यांना एका चांगल्या चित्राची किंमत कळते. म्हणून नातवंडांनी उजेडाचा आग्रह धरला तर मी त्यांना हसत नाही.

आग्रह धरावा, पण हिशेब सुरतेच्या सूर्याचा करावा. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईने आपली जुनी वेळ कितीतरी वर्षे सोडली नाही, हा इतिहास परिचित आहेच. प्रमाणवेळेचे रेखांश ८२.५ आणि आपले ७२.८, म्हणजे सुरतेची स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे. आपल्यातील काही घराणी गायकवाडी अंमलाबरोबर नवसारी प्रांतात आली, काही पुढे तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने खानदेशातून. त्यामुळे सोयरिकी जळगावच्या, नागपूरच्या. ही गावे जवळजवळ आपल्याच अक्षांशावर आहेत, म्हणून हिशेब सोपा पडतो : जळगावला सूर्य आपल्या सुमारे ११ मिनिटे आधी मावळतो, नागपूरला सुमारे २५ मिनिटे आधी, आणि हा फरक वर्षभर जवळपास तोच राहतो. नागपूरच्या व्याह्यांनी तिकडचा गोरज लिहून पाठविला व तो तसाच पत्रिकेत छापला, तर येथे त्यावेळी सूर्य चांगला वर असतो. डिसेंबरच्या आरंभी सुरतेचा सूर्यास्त सहाला पाच मिनिटे कमी असताना होतो, मेच्या मध्यास सात वाजून दहाच्या सुमारास. सूर्य मावळल्यावर कामाचा उजेड उरतो तोही साधारण एक घटिकाच.

एवढ्या अवधीत मंगलाष्टके बसली पाहिजेत. हौशी आत्या व मावश्या स्वरचित कडव्यांची भर घालतात तेव्हा पुरोहित घड्याळाकडे पाहतो आणि छायाचित्रकार आकाशाकडे. तेथे कोणाची भीड धरू नये. मात्र उजेड हुकला म्हणून, किंवा कॅमेरा तयार नव्हता म्हणून, अंतरपाट पुन्हा धरून अक्षता पुन्हा टाकावयास लावणे मला अशोभनीय वाटते. मुहूर्त आधी निवडता येतो. तो परत आणता येत नाही.

आणखी एक बारकावा. पार्टी प्लॉटमधील मंच प्रवेशद्वाराच्या सोयीने उभारतात, दिशांच्या नव्हे. विधीप्रमाणे वधूवर समोरासमोर, एक पूर्वाभिमुख व एक पश्चिमाभिमुख उभे राहतात. मावळतीला एकाच्या चेहऱ्यावर ऊन येते, दुसऱ्याची पाठ उन्हाकडे राहते. मध्ये पांढरा अंतरपाट असेपर्यंत तो एकीकडे ऊन गाळून सोडतो, दुसरीकडे परतवितो, आणि दोन्ही चेहरे सारखे उजळतात. पाट दूर होताच एक चेहरा झळाळतो, दुसरा सावलीत जातो. उन्हाळ्यात अर्धे बिंब मावळल्यावर हा भेद पुसट होतो, कारण तोवर प्रकाश सूर्यापेक्षा आकाशाकडून अधिक येऊ लागलेला असतो. मांडव पूर्व-पश्चिम रेषेत घातला आणि ती वेळ साधली, तर फ्लॅशवाल्याला बाजूला उभे राहावयास सांगता येते.