मोजपट्टीतले शब्द

समाजाचे मन केव्हा आणि कसे पालटले हे शोधताना इतिहासकार रोजनिशा, वृत्तपत्रांतील पत्रव्यवहार, सुधारकांचे वाद आणि कादंबऱ्या चाळत आले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून या साधनांत राष्ट्रीय सर्वेक्षणांची भर पडली. साहित्याचे अभ्यासक या साधनाकडे सहसा फिरकत नाहीत. आकड्यांचा प्रांत समाजशास्त्रज्ञांचा, अशी आपली समजूत असते. आम्हांला मात्र असे वाटते की, सर्वेक्षणातील प्रत्येक टक्केवारी हे कोणत्या तरी वाक्याला मिळालेले उत्तर असते, आणि वाक्य वाचणे हे तर आपलेच काम.

डॉनल्ड रग यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग येथे आठवण्याजोगा आहे. लोकशाहीविरोधी भाषणांना अमेरिकेने परवानगी द्यावी काय, असे एका गटाला विचारले. ६२ टक्के 'देऊ नये' म्हणाले. तशाच दुसऱ्या गटाला विचारले, अशा भाषणांवर बंदी घालावी काय. 'घालावी' म्हणणारे ४६ टक्केच निघाले. तर्काने पाहिल्यास दोन्ही प्रश्न एकच. पण बंदीची भाषा करणे माणसाला जड जाते, परवानगी नाकारणे तितके जात नाही.

शब्दांचा हा लहरीपणा ओळखूनच या क्षेत्रात एक सूत्र रूढ झाले: बदल मोजायचा असेल तर माप बदलू नये. शिकागो विद्यापीठाशी संलग्न राष्ट्रीय जनमत संशोधन केंद्राने जेम्स डेव्हिस यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये 'जनरल सोशल सर्व्हे' सुरू केला, तो या सूत्राला धरून. घरोघर जाऊन दीडएक हजार प्रौढांच्या मुलाखती घ्यायच्या आणि फेरीमागून फेरी तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचे, अशी ही योजना. काही प्रश्न तर मुद्दाम जुन्या पाहण्यांतून उचलले होते, म्हणजे मालिका मागेही ताणता यावी.

त्यांतला एक प्रश्न असा: पोसण्यास समर्थ नवरा असताना विवाहित स्त्रीने उद्योगधंद्यात पैसे मिळवणे आपणांस मान्य आहे काय? १९३० च्या दशकात गॅलपच्या पाहणीत याला होकार देणारे पाचांत एकाच्या आसपास होते. १९७२ मध्ये ते दोन तृतीयांशांच्या घरात गेले, आणि १९९८ मध्ये, म्हणजे हा प्रश्न शेवटचा विचारला गेला तेव्हा, पाचांत चारांहून अधिक झाले. आलेख डोळ्यांत भरतो खरा; पण वाक्यातला अटीचा भाग पाहावा. महामंदीत नोकऱ्या दुर्मीळ होत्या आणि विवाहित स्त्री कोणा पुरुषाच्या तोंडचा घास काढते, अशी भावना होती. नवरा असमर्थ असेल तर गोष्ट वेगळी, हे गृहीतक त्या अटीतून आले. स्त्रीला स्वतःच्या आवडीचे काम असू शकते, या कल्पनेला त्या वाक्यात जागाच नाही. तरीही १९९० च्या दशकातल्या वकील आणि डॉक्टर स्त्रियांना मुलाखतकार हेच वाक्य वाचून दाखवीत होते.

याहून खोल गुंता सहिष्णुतेच्या प्रश्नांत आहे. सॅम्युएल स्टाउफर यांनी १९५४ च्या उन्हाळ्यात, मॅकार्थींचा कम्युनिस्टविरोधी ज्वर चढलेला असताना, सुमारे पाच हजार सामान्य अमेरिकनांना विचारले होते: कम्युनिस्ट असल्याचे कबूल करणाऱ्या माणसाला तुमच्या गावात भाषण करू द्यावे काय? महाविद्यालयात शिकवू द्यावे काय? त्याचे पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयातून काढून टाकावे काय? भाषणाला २७ टक्के राजी होते. अध्यापनाला केवळ ६. शिकागोच्या पाहणीने १९७२ पासून हेच प्रश्न हाती घेतले, तेव्हा भाषणाला राजी असणारे निम्म्याहून अधिक आणि अध्यापनाला राजी असणारे सुमारे एक तृतीयांश आढळले. अमेरिकन माणूस उदार झाला, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. तो स्वाभाविकही होता.

१९७९ मध्ये जॉन सलिव्हन, जेम्स पिअरसन आणि जॉर्ज मार्कस यांनी त्यावर हरकत घेतली. ती हरकत कोणाही चांगल्या टीकाकाराला शोभावी अशी होती. स्टाउफरचे नमुने, म्हणजे कम्युनिस्ट, समाजवादी, धर्मविरोधक, हे सगळे १९५४ चे बागुलबुवे होते. १९७० च्या दशकात त्यांची भीतीच ओसरली होती. ज्याचे भय वाटत नाही त्याला बोलू देणे ही सहिष्णुता कशी म्हणावी? म्हणून त्यांनी आधी प्रत्येकाला विचारले, तुम्हांला सर्वांत नावडता गट कोणता; आणि मग त्याच गटाविषयी प्रश्न विचारले. तसे केल्यावर उदारतेची ती मोठी वाढ बरीचशी विरून गेली.

या वादाचा निकाल एका बाजूने लागला, असे आम्ही म्हणणार नाही. शत्रूंची यादी आटणे हाही एक बदलच आहे, आणि ज्यांची नावे त्या यादीतून गळली त्यांच्या दृष्टीने तो मुळीच क्षुल्लक नाही. परंतु यादीत नवी नावेही येत राहिली. कृष्णवर्णीय जन्मतःच हीन आहेत असे मानणारा वक्ता १९७६ मध्ये या प्रश्नावलीत आला. इतरांना मिळणारी मुभा वाढत असता त्याला मात्र तशी वाढ लाभली नाही. २००८ मध्ये अमेरिकेचा द्वेष शिकवणारा मुस्लिम धर्मगुरू आला. त्याला बोलू देण्यास निम्म्यांहून कमी लोक तयार होते.

आणि १९७३ मध्ये आला होता 'समलिंगी असल्याचे कबूल करणारा पुरुष'. त्या वर्षी सुमारे ६० टक्के लोक त्याला बोलू देण्यास राजी होते. २०१० नंतर हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर गेले. मधल्या काळात, डिसेंबर १९७३ मध्ये, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढले; २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. प्रश्नातले क्रियापद मात्र 'कबूल करणे' हेच राहिले. ते स्टाउफरच्या कम्युनिस्टाकडून वारशाने आले होते आणि त्याला चौकशी समितीच्या खोलीचा वास आहे. (मराठीत 'कबूल' म्हणजे संमतीही, 'कबुली' म्हटले की पोलीसठाणे आठवते.) ते क्रियापद बदलले असते तर मालिका तुटली असती, म्हणून संशोधकांनी ते ठेवले. त्यात त्यांची चूक आहे असे आम्हांला वाटत नाही. पण आलेखाखाली ते मूळ वाक्य छापले गेले पाहिजे. आपल्या हाती येते ती बहुधा नुसती वर चढणारी रेघ.

२००६ पर्यंत या मुलाखती फक्त इंग्रजीत होत. त्या वर्षी स्पॅनिशची सोय झाली. भारतात अशी एकभाषिक चैन पहिल्यापासूनच शक्य नव्हती. मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली १९९२-९३ पासून चालणारे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुख्यतः जन्म, मृत्यू, पोषण यांचे. पण १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीपासून त्यात वृत्तीचाही एक प्रश्न आहे. नवऱ्याने बायकोला मारणे कोणकोणत्या कारणांसाठी समर्थनीय आहे? डझनाहून अधिक भाषांत जाणाऱ्या या वाक्याची सगळी भिस्त 'समर्थनीय' या शब्दाच्या भाषांतरावर. मराठीतच पाहावे: 'योग्य', 'रास्त', 'बरोबर', 'चालेल' हे चार शब्द चार निरनिराळे प्रश्न निर्माण करतात. 'असे घडतेच' आणि 'असे घडावे' यांतले अंतर सासरी नांदणाऱ्या बाईला, शेजारच्या खोलीत सासू बसलेली असताना, किती मोकळेपणाने उच्चारता येईल, हा प्रश्न तर वेगळाच.

२००५-०६ मध्ये निदान एका कारणासाठी मारहाण समर्थनीय मानणाऱ्या स्त्रिया ५४ टक्के होत्या आणि पुरुष ५१. २०१५-१६ मध्ये अनुक्रमे ५२ आणि ४२. २०१९-२१ मध्ये ४५ आणि ४४. म्हणजे पुरुषांचा आकडा एकदम उतरला आणि मग किंचित चढला. स्त्रियांचा आधी रेंगाळला आणि मग उतरला. दोन पिढ्यांची मते एका सरळ रेषेत सुधारत जातात, या कल्पनेला हे आकडे दाद देत नाहीत.

१९९८-९९ चा ५६ टक्क्यांचा आकडा पुष्कळदा यांच्या रांगेत मांडला जातो. तो तेथे बसत नाही. त्या फेरीत फक्त विवाह झालेल्या स्त्रियांना विचारले होते, आणि कारणे सहा होती: चारित्र्याचा संशय, सासरच्यांचा अनादर, न सांगता बाहेर जाणे, घराकडे वा मुलांकडे दुर्लक्ष, नीट स्वयंपाक न करणे आणि माहेरहून अपेक्षित पैसे, दागिने वा वस्तू न येणे. पुढच्या फेरीत नवऱ्याशी वाद घालणे आणि शरीरसंबंधास नकार देणे, ही दोन कारणे नव्याने आली, आणि माहेरचे कारण गाळले गेले. हुंड्यासाठी होणाऱ्या मारहाणीविषयी बायकांचे मत १९९९ नंतर पालटले की नाही, हे त्यामुळे या मालिकेतून सांगता येत नाही.